कुनिगुंड विकायला काढली त्याची हकिकत

ग्लासहाल्डे, १९ मे

आदरणीय (आणि लहानपणी माझे दोन्ही कान सारख्याच न्यायाने पिळणाऱ्या) बुर्गीताईस,

धाकट्या ओटमारचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुझा खोकला कसा आहे? समुद्राचा वारा छातीला चांगला, असं तू गेली पन्नास वर्षं सांगतेस आणि गेली पन्नास वर्षं खोकतेस, म्हणून विचारतो. माझा गुडघा डॉक्टरांच्या मते वाईट आहे आणि माझ्या मते डॉक्टरांच्या गुडघ्यापेक्षा बरा आहे. बर्फ यंदा एप्रिल अर्धा सरला तरी हटायला तयार नव्हतं. शेडचं छप्पर या हिवाळ्यात बसणार असं तुझं भाकीत होतं. ते बसलं नाही, थोडं वाकलं फक्त, जसे या वयात आपण सगळेच वाकतो.

जानेवारीपासूनची तुझी सहाही पत्रं पोचली. सहांमध्ये मिळून मजकूर एकच होता, की बाबांच्या शेडमधली ती सगळी वाजणारी लाकडं विकून टाक, मेलेल्या लाकडाची राखण करत म्हातारा होऊ नकोस. (म्हातारा मी आधीच झालो आहे, पण ते असो.) अर्धी मालकी तुझी आणि मोठी तू, त्यामुळे मी आज्ञा पाळली. कशी पाळली ते सविस्तर लिहितो, कारण अर्धवट बातमी तुझ्या कानावर दुसरीकडून आली तर तू सातवं पत्र लिहिशील.

आधी एका व्यापाऱ्याला बोलावलं होतं. तो आला, शेडभर फिरला, प्रत्येक वस्तूपाशी थांबून नाकाने एक आवाज काढला आणि सगळं मिळून एक रक्कम सांगितली. ती ऐकून मी त्याला कॉफी दिली, पण केक दिला नाही. मग इझोल्डबाई फालर म्हणाल्या की आता असल्या वस्तू इंटरनेटवर लिलावात विकतात, घरबसल्या. (इझोल्डबाई तुला आठवत असतील. पोस्टाच्या खिडकीत बसायच्या आणि तू पाठवलेल्या पाकिटावर तिकीट तिरकं लागलंय म्हणून मला ऐकवायच्या. आता निवृत्त आहेत. गावात संगणक चांगला चालवता येतो तो त्यांना एकट्यांना, त्यामुळे कुणाचा कर परतावा, कुणाची विमानाची तिकिटं, कुणाच्या नातवाला वाढदिवसाचा निरोप, सगळं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून जातं.) त्यांनी मला पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. म्हणाल्या, "ओटमार, वर्णनात खरं लिहायचं, पण सगळं खरं लिहायचं नाही."

हा नियम मला समजायला तीन आठवडे लागले. सहा गाण्यांच्या संगीतपेटीबद्दल मी लिहिलं होतं की पेटी उत्तम आहे, आतल्या सूर काढणाऱ्या कंगव्याचे चार दात बदललेले आहेत, ते बाबांनी बदलले आहेत म्हणजे मूळच्यापेक्षा चांगले आहेत, आणि चौथं गाणं आजवर कुणालाही आवडलेलं नाही. आठ दिवसांत एकही बोली आली नाही. फक्त एकाने विचारलं की याची बॅटरी कुठे मिळते. मी त्याला चार पानांचं उत्तर लिहिलं, किल्ली म्हणजे काय, स्प्रिंग म्हणजे काय, किल्ली कशी दमाने द्यायची, सगळं. त्यावर त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं, "नको." शेवटी इझोल्डबाईंनी वर्णन तीन ओळींत कापलं आणि लिंट्झच्या एका दंतवैद्याने ती पेटी आपल्या बाहेरच्या खोलीसाठी घेतली. दोन आठवड्यांनी ती परत आली. चिठ्ठीत लिहिलं होतं की चौथं गाणं सुरू झालं की वाट बघणारे रोगी उठून घरी जातात. म्हणजे माझं वर्णन चूक नव्हतं.

पिंजऱ्यातल्या गाणाऱ्या पक्ष्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. पोर्तुगालच्या एका गृहस्थाला तो गाताना पाहायचा होता, म्हणून इझोल्डबाईंनी मोबाईलवर फिल्म घेतली. पक्ष्याने मान वळवली, चोच उघडली, दोन सूर काढले, आणि माझी मांजर, जी गेली सात वर्षं त्या पक्ष्यासमोर निर्विकार बसलेली आहे, तिने नेमका त्या क्षणी आपला विचार बदलला. ती फिल्म चुकून तशीच चढवली गेली. अठरा हजार लोकांनी पाहिली. पक्ष्यावर एकही बोली नाही. मांजरीची किंमत अकरा जणांनी विचारली. पक्ष्याची शेपटी मी चिकटवली आहे. मांजर त्या दिवसापासून माझ्याकडे पाठ करून बसते.

आता कुनिगुंडबद्दल, बाबांच्या त्या चाकावर वाजणाऱ्या जत्रेच्या ऑर्गनबद्दल. ताई, खरं सांगतो, इतर सगळं विकून झाल्यावर तिच्याकडे पाहू असं मी ठरवलं होतं, आणि इतर काहीच विकलं जात नव्हतं म्हणून मी मनातून खूश होतो. पण तुझं पाचवं पत्र आलं. त्यात तू कुनिगुंडचं नाव घेऊन लिहिलंस, "ते सहाशे किलोचं धूड आधी काढ." मग मी इझोल्डबाईंना म्हणालो की चला, धूड काढू.

तिची फिल्म घ्यायची तर तिला वाजवणं आलं. मंगळवारी सकाळी दहा वाजता मी शेडची दोन्ही दारं सताड उघडली, नळ्यांवरची धूळ झाडली, दर्शनी भागावरच्या त्या गुलाबी गालांच्या बाईचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं आणि चाक फिरवायला घेतलं. बाबा गेल्यानंतर ती वाजली नव्हती. नऊ वर्षं. मला वाटलं होतं की धाप लागल्यासारखी घरघरेल. घरघरली, पण नंतर ढोल, घंटा, तुताऱ्या सगळं एकदम जागं झालं आणि आवाज थेट दरीपलीकडे गेला. मी चाकाला जुंपलेला, त्यामुळे मला दिसत नव्हतं. इझोल्डबाईंनी नंतर सांगितलं. खिडक्या उघडल्या. रस्त्यावर दुधाचा ट्रक थांबला. बेकरीवाला पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभा राहिला आणि त्याचे दोन ट्रे पाव जळाले. (ते त्याने दुपारी 'गावठी, जास्त भाजलेले' म्हणून विकले.) कुणी काही बोललं नाही. आपल्या गावची माणसं तुला माहीत आहेत, छपराला आग लागली तरी आधी हवेबद्दल बोलतील. वाजवणं संपलं, खिडक्या बंद झाल्या, ट्रक गेला. मीही दार लावून घेतलं आणि जरा वेळ आतच बसलो.

लिलाव दहा दिवसांचा होता. सुरुवातीची किंमत चार हजार युरो ठेवली. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी बोली आली. चौथ्या दिवशी त्यावर दुसरी. पाचव्या दिवशी तिसराच कुणी मध्ये घुसला. नावं दिसत नाहीत, नुसती टोपणनावं. एक 'लालगाडी', एक 'मधला-सा', आणि एक 'भरती-ओहोटी'. मी इझोल्डबाईंना म्हणालो, हे नक्की अमेरिकेतले पैसेवाले असणार. त्या पडद्याकडेच बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, दात दुखतोय.

याच दिवसांत गाव माझ्याशी विचित्र वागायला लागलं. अग्निशमन दलाचा ग्रेगोर रुफ (मिशीवाला, माझ्या वर्गातला, गणितात माझ्याच वहीवर जगलेला) संध्याकाळी सहज म्हणून आला आणि सहज म्हणून खिशातून टेप काढून कुनिगुंडची रुंदी मोजायला लागला.

"कशाला रे?" मी विचारलं.

"काही नाही. उद्या शेडला आग लागली तर बाहेर काढताना माहिती असावी."

मला गहिवरून आलं. मी त्याला चेरीची दारू दिली आणि अभिमानाने सांगितलं की किंमत साडेसहा हजारांवर गेली आहे, कोणीतरी एक मूर्ख हट्टाने वाढवत बसलाय.

"मूर्ख?" ग्रेगोर म्हणाला.

"लाखात एक."

त्याने पेला खाली ठेवला आणि न संपवता गेला. ग्रेगोरने पेला न संपवल्याची ही पहिली नोंद असावी. दुसऱ्या दिवशी चर्चच्या गायनवृंदाच्या ओतिलीबाई हेटिश आल्या. त्यांनीही सहज विचारलं की असा ऑर्गन दमट हॉलमध्ये राहील का, म्हणजे आपलं कुणी ठेवलाच तर. मी म्हणालो, बाई, आता तो अमेरिकेत चाललाय, तिथे कोरडी हवा असते. आणि त्यांनाही सांगितलं की दोन मूर्ख झुंजताहेत, बघताना मजा येतेय. त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं मी वीस वर्षांपूर्वी बेसूर गातो म्हणून वृंदातून काढला गेलो तेव्हा पाहिलं होतं.

तुला हे माहीत असायला हवं की ग्रेगोर आणि ओतिलीबाई चौदा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. नाताळच्या कार्यक्रमात सगळ्यात हळुवार जागी, जिथे फक्त एक बाई गाते आणि बाकीचे श्वास रोखतात, तिथे दलाने भोंग्याची चाचणी घेतली होती. ग्रेगोर म्हणतो वेळापत्रक लावलेलं होतं. ओतिलीबाई म्हणतात नाताळचंही असतं.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी आठला लिलाव संपणार होता. मी साडेसातलाच बटाट्याचं सॅलड घेऊन इझोल्डबाईंकडे गेलो, की दोघं मिळून पाहू. त्यांनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, डोकं दुखतंय, उद्या या. आतून टेलिफोन वाजत होता, आणि एक मोबाईलही वाजत होता. मी सॅलड दारातच देऊन घरी आलो आणि माझ्या जुन्या मोबाईलवर आकडे पाहत बसलो. मधला-सा नऊ हजारांवर थांबला. लालगाडी आणि भरती-ओहोटी मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत पन्नास पन्नासने चढत राहिले. अकरा हजार दोनशेपन्नास, भरती-ओहोटी. अकरा हजार तीनशे, लालगाडी. वेळ संपली.

सोमवारी सकाळी अंगणात ग्रेगोर गणवेशात उभा होता. मागे दलाचे आठ जण, सगळे दाढी करून.

"ओटमार," तो म्हणाला, "कुनिगुंड आमची झाली. गावातून बाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरलं होतं. तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता."

धक्का मला बसला. मी बाकावर बसलो. तेवढ्यात फाटकातून ओतिलीबाई आल्या. त्या मला सांगायला आल्या होत्या की वृंदाने आपल्याकडून खूप प्रयत्न केला, रोमच्या सहलीचे पैसे लावले, पण कुणीतरी अमेरिकन जिंकला. गणवेश बघून त्या वाक्य मध्येच सोडून थांबल्या.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. चौदा वर्षांनंतर ग्रेगोरला म्हटलेला हा पहिला शब्द.

"तुम्ही?" ग्रेगोर म्हणाला.

"नऊ हजारांपर्यंत आम्हाला तुम्ही चढवलंत?"

"तुम्ही आम्हाला चढवलंत. आम्ही पाच हजारांत उरकणार होतो."

"पण मला दर वेळी इझोल्ड सांगायची की समोरची बोली वाढली..." असं म्हणून ओतिलीबाईंनी मान वळवली. ग्रेगोरनेही वळवली. फाटकापाशी माझा सॅलडचा वाडगा धुऊन परत द्यायला आलेल्या इझोल्डबाई उभ्या होत्या.

ताई, त्या बाईने दहा दिवस काय भोगलं असेल याचा विचार कर. दोघंही त्यांच्याकडेच आले होते, दुसरं जाणार कुठे? दोघांनीही शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. त्या एकाच टेबलावर, एकाच संगणकावर, एका नावातून बाहेर पडायच्या आणि दुसऱ्या नावाने आत जायच्या. शेवटच्या संध्याकाळी ग्रेगोर एका फोनवर, ओतिलीबाई दुसऱ्या फोनवर, आणि या मध्ये बसून स्वतःच्याच बोलीवर बोली लावताहेत.

"एकतीस वर्षं पोस्टात काढली," त्या म्हणाल्या. वाडगा छातीशी धरलेला. "कुणाचं पत्र कुणाला जातं हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. आता या वयात सुरुवात करू? माझं तीन किलो वजन उतरलं."

मग ओतिलीबाईंनी ग्रेगोरला विचारलं, "हे पैसे कुठले?"

"नव्या पाइपचे."

"म्हणजे माझ्या घराला आग लागली तर तुम्ही येऊन वॉल्ट्झ वाजवणार."

"जुना पाइप आहे ना," ग्रेगोर म्हणाला. "गळतो, पण सगळीकडे सारखा गळतो. आग कुठेही असली तरी थोडं पाणी पोचतंच."

ओतिलीबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मी पाहिला. आठ जणांनी पाहिला. त्यानंतर सगळे माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले, धुरावलेलं डुकराचं मांस संपलं, चेरीची बाटली संपली, आणि ठरलं ते असं: कुनिगुंड दोघांची, राहायला आपल्याच शेडमध्ये, कारण दोघांच्याही दारातून ती आत जात नाही (ग्रेगोरने मोजलं होतं, पण टेप उलटा धरला होता). छप्पर दल दुरुस्त करणार. २८ जूनच्या जत्रेत ती वाजणार, आणि भोंगा वाजणार नाही.

इथे खरं तर पत्र संपायला हवं. पण त्याच संध्याकाळी लिलावाच्या साइटवर मला एक निरोप आला. हरलेल्याचा, भरती-ओहोटीचा. अमेरिकन माणूस इतकं चांगलं जर्मन लिहितो याचं मला आधी कौतुक वाटलं. निरोप असा होता: "ज्याने घेतला असेल त्याला कृपया कळवा. चाक फिरवल्यावर लगेच चालीच्या भोकांचा पुठ्ठा आत सोडू नये. डाव्या भात्यावर तळहात ठेवून त्याचा श्वास पुरा भरेपर्यंत थांबावं, नाहीतर पहिला सूर रडका निघतो."

मी ते दोनदा वाचलं. मग शेडमध्ये गेलो, चाक फिरवलं, डाव्या भात्यावर हात ठेवून थांबलो. मंगळवारी ती का घरघरली ते कळलं. बाबांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं, मी त्या वेळी चेंडू खेळत असायचो. शेडमध्ये त्यांच्या शेजारी स्टुलावर उभं राहून भात्यावर हात ठेवणारं या घरात एकच माणूस होतं.

ताई, सहा पत्रांत विक म्हणून सांगायचं आणि मग स्वतःचीच अर्धी वस्तू अकरा हजारांना विकत घ्यायला बसायचं, हा व्यवहार मी कुठल्याही बाजूने मांडून पाहिला, जमत नाही. मी तुला कारण विचारत नाही. बाबांच्या अंत्ययात्रेनंतर तू शेडच्या दाराबाहेर कोट घालून उभी राहिलीस आणि आत आली नाहीस, तेव्हाही विचारलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, तुला गाडीची घाई आहे. मला बऱ्याच गोष्टी उशिरा कळतात. गणितात माझ्या वहीवर ग्रेगोर पास झाला, मी झालो नाही, यावरून काय ते समज.

खोकल्याला मध घे. समुद्रावर जाताना गळ्याला काहीतरी गुंडाळ.

तुझा,
ओटमार

ता. क. एक सांगायचं राहिलं. अकरा हजार तीनशे मी घेतले नाहीत. सुरुवातीचे चार हजारच घेतले, बाकीच्यातून दल पाइप घेईल आणि वृंद रोमला जाईल. तुझ्या अर्ध्या वाट्याच्या वतीनेही मीच हो म्हणून टाकलं. रागावली असशील तर कान आहेत तिथेच आहेत.

ता. क. दुसरं. काल तिला पुन्हा वाजवून पाहिलं. बाबांनी रचलेला वॉल्ट्झ आहे ना, त्याच्या पुठ्ठ्याच्या शेवटच्या नऊ घड्या उंदरांनी खाल्ल्या आहेत. चाल ऐन रंगात येते आणि थांबते. अंगणात ग्रेगोर आणि ओतिलीबाई नाचून बघत होते, ते एक पाय हवेत ठेवून उभे राहिले. ओतिलीबाई म्हणाल्या, शेवट कसा आहे ते गावात कुणालाच आठवत नाही. मी म्हणालो, एका माणसाला आठवतो. सतराव्या वर्षी ऐन हिवाळ्यात तिने बाबांबरोबर बसून त्याची भोकं पाडली होती. पुठ्ठा मागवला आहे. भोकं पाडायच्या यंत्राला तेल घातलं आहे. वरच्या खोलीला चुना दिला आहे. हे पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. तिकीट इझोल्डबाईंनी काढलं आहे, ५ जूनचं, खिडकीची जागा, फ्रायबुर्गला मी घ्यायला येतो. परतीचं कधीचं काढू, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, थांबा जरा.